शब्द मोरेश्वरचे होते

मोरेश्वर गेल्याची बातमी फोनवरच्या ग्रुपवर आली तेव्हा मी दाढी करत होतो. खाली भराभर श्रद्धांजल्या पडत गेल्या. पुण्याच्या एका मुलीने मला उद्देशून लिहिलं, ‘काका, डब्या त्यांच्या आणि शब्द तुमचे. जोडी फुटली.’ मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि फोन पालथा ठेवला. शब्द माझे नव्हते... एकही नव्हता.

जिओकॅशिंग हा आम्हा रिकामटेकड्यांचा खेळ. एकाने डबी लपवायची, जागा फोनच्या नकाशावर टाकायची. दुसऱ्याने शोधून आतल्या कागदावर सही करायची आणि डबी होती तशी ठेवायची. बँकेतून निवृत्त होऊन विरारच्या फ्लॅटमध्ये बसलेल्या मला सुनेने हा नाद लावला. पहिल्याच डबीसाठी अर्नाळ्याला सुरूच्या बुंध्याशी ओणवा झालो होतो, तेव्हा मागून आवाज आला, "काय हरवलं, सायेब?"

"चष्मा," मी ठोकून दिलं.

"तो नाकावर हाय तुमच्या. वर बघा, बोंबील केलाय."

फांदीआड डबी दोऱ्याला लोंबत होती, काठीवर वाळत घातलेल्या बोंबलासारखी. लपवणारा तोच, नंदाखालचा मोरेश्वर. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, घरची केळीची वाडी.

मग आम्ही बरोबरच हिंडलो. दगडाला शिंपल्यासारखी घट्ट चिकटवलेली डबी त्याच्या तोंडी ‘कालव’ होती. डबीत डबी, तिच्यात आणखी एक, असं असलं की ‘केळफूल’. आणि अगदी उघड्यावर असून कुणाला न दिसणारी, ती ‘सासू’. "समोरच बसलेली असते हो, आपणच नजर वर करत नाही," म्हणायचा. त्याला फोनवर लिहिण्याचा कंटाळा, म्हणून ग्रुपवर मी लिहायचो. हळूहळू बाहेरगावचे लोकही ‘सासू आहे की कालव?’ असं विचारू लागले.

एकदा राजोडीच्या किनाऱ्यावर सगळे जमलो होतो. त्याच पुण्याच्या मुलीने विचारलं, "काका, तुम्हाला हे शब्द सुचतात कसे?" मोरेश्वर शेजारीच किटलीतून चहा ओतत होता. मी म्हणालो, "सुचतात आपले... वाचन असलं की." टाळ्या पडल्या. त्याने माझ्या हातात कप दिला. "घ्या, सायेब. वाचून वाचून घसा सुकला असेल." सगळे हसले. मीही हसलो, आज ते हसू आठवलं की मान वर होत नाही. मैत्री तुटली नाही. पण त्यानंतर त्याने नवा शब्द काढला नाही.

गेल्या आठवड्यात नंदाखालला गेलो. त्याची मुलगी शुभदा म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत तुमचेच शब्द बोलायचे, काका. औषध टेबलावर असायचं, त्यांना दिसायचं नाही, मग आईला म्हणायचे, ‘आज सासू केलीस.’ आम्ही विचारायचो, हा तुम्हीच काढलाय ना? तर म्हणायचे, सायबांचा हाय." माझं खोटं त्याने स्वतःच्या घरातही सांभाळलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चोरी चारचौघांत केलीत आणि कबुली मला एकटीला देता?"

म्हणून हे इथे लिहितो आहे.

निघताना ती मला बावखलावर घेऊन गेली, वाडीला पाणी पुरवणाऱ्या जुन्या तळ्यावर. राजोडीनंतर मोरेश्वरने आपली शेवटची डबी तिथे लपवली होती. दगड बांधून पाण्यात सोडलेली, दोरी पायरीखाली. मला ती सापडली तेव्हा मी विचारलं होतं, "याला काय म्हणायचं?" "तुम्हीच सांगा की," एवढंच म्हणून तो केळीत शिरला होता.

शुभदाने दोरी ओढली. डबी वर आली, शेवाळलेली, पण आतला कागद कोरडा.

"याला काय म्हणायचे बाबा?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "माझ्यामुळे."

तिने झाकण घट्ट लावलं आणि डबी पाण्यात सोडली.