एकट्यानं जाण्याचे ग्रह

वाळवंटाकडच्या या खातीपुऱ्यात माझ्या वरच्या मजल्यावर रेल्वेतले एक कारकून राहतात. नागपूरकडचे, बदलीवर आलेले, एकटेच. फावल्या वेळात ते विज्ञानकादंबरी लिहितात आणि रविवारी सकाळी तिच्यातले ग्रह दाखवायला माझ्याकडे चहाला येतात.

मी आयटीतला. मला वाटलं होतं, वायूचे, बर्फाचे, खडकांचे असे प्रकार असतील. त्यांच्या वहीत दोनच रकाने निघाले: ‘फॅमिली घेऊन जाण्यासारखे’ आणि ‘एकट्यानं जाण्यासारखे’.

“आणि हवा? तापमान?” मी विचारलं.

“हवेचं काय घेऊन बसलात भाऊ! बदलीची ऑर्डर आली की माणूस पहिले काय विचारते? शाळा आहे का, पाणी किती वाजता येते.” बोलताना ते वहीवर मूठ आपटतात, शिक्का मारल्यासारखी.

दोन सूर्यांचा एक वाळूचा ग्रह मात्र मला कोड्यात टाकायचा. तिथे शाळा होती, पाणीही होतं, तरी तो एकट्याच्याच रकान्यात. का, असं विचारलं की ते वही मिटून बशीत चहा ओतायचे.

मागच्या रविवारी तो ग्रह तिथून खोडून पलीकडच्या रकान्यात लिहिलेला दिसला.

“हवा बदलली का तिथली?”

“हवा तशीच आहे,” ते म्हणाले. “तुमच्याकडे मोठा कुकर आहे का हो? माझा एकट्यापुरता आहे. येत्या मंगळवारच्या गाडीनं घरचे येऊन राहिले.”