जोर गेला कुठं?

फिलोमिना एकोणीस वर्षं केरळातल्या विळिंजमच्या खालच्या किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करत होती, पण होडीत एकदाही चढली नव्हती. बाईचा पाय लागला की जाळं रिकामं येतं, असं तिथले लोक मानतात. हात लागलेला चालतो.

त्या शुक्रवारी म्हाताऱ्या कोळी पनिपिच्चैचं इंजिन तिच्या झापाच्या छपरीत आलं. मच्छीमार सोसायटीचा मेकॅनिक व्हिन्सेंट याने 'सिलिंडर झिजले, भंगारात काढावे' असा शेरा मारला होता. पाच वाजता पनिपिच्चैने त्या कागदावर सही केली की इंजिन गेलं, आणि त्यावर मिळणारा स्वस्त रॉकेलचा परवानाही रद्द. मग एकसष्टाव्या वर्षी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी.

फिलोमिनाने दोन्ही प्लग काढले, दाब मोजायचं घड्याळ लावलं, दोरी ओढली. एकात एकशे दहा, दुसऱ्यात एकशे आठ.

"झिजलेलं सिलिंडर एवढा दाब देतं होय रे?" तिने कागद घेऊन उभ्या व्हिन्सेंटला विचारलं.

"मग जोर गेला कुठं, चेची?" थोरल्या बहिणीला म्हणतात तसं म्हणत व्हिन्सेंट हसला. "माशांनी खाल्ला?"

ती पनिपिच्चैकडे वळली. "अण्णा, जोर कमी पडतो तेव्हा आवाज बसतो की चढतो?"

"चढतो. नुसतं बोंबलतं. होडी हलत नाही."

म्हणजे जोर होता, पाण्यापर्यंत पोचत नव्हता. पाण्यात फिरणारा पंखा आणि त्याच्या मधली नळी यांना धरून ठेवणारं रबर सुटलं असावं. तिने नळीपासून पंख्यापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली. रबर घसरलं तर रेघ तुटेल. पाण्याच्या पिंपात इंजिन चालवून हे कळणार नव्हतं, लाटेचा भार हवा होता.

इंजिन होडीला लावून पनिपिच्चै दोनदा लाटेत जाऊन आला. दोन्ही वेळा रेघ जागच्या जागी. व्हिन्सेंटने कागद पुढे केला.

"थांब," फिलोमिना म्हणाली. तिने काठावरून कानाने ऐकलं होतं. "अण्णा, वेगाची मूठ अर्धीच पिळलीत."

"आणि इंजिन फुटलं म्हणजे?"

"तुमच्या हाताने फुटणार नाही आणि कळणारही नाही. मी येते."

तिने साडी खोचली आणि पाण्यात शिरली. काठावर एकच गिल्ला झाला. पनिपिच्चैचा भाऊ सेल्वदासन आडवा आला.

"होडी बाटेल!"

"तासाभराने जिला इंजिनच नाही, ती बाटली काय अन् न बाटली काय! हो बाजूला."

सेल्वदासनने भावाकडे पाहिलं. पनिपिच्चैने तिला वर घ्यायला हात दिला.

लाटेच्या तोंडावर तिने मूठ पूर्ण पिळली. इंजिन किंचाळलं आणि होडी लाटेबरोबर मागे सरकली. परत काठाला लागून इंजिन वर उचललं तेव्हा रेघेचे दोन तुकडे झाले होते, मध्ये चार बोटांचं अंतर.

व्हिन्सेंटने वाकून पाहिलं. "पंखा बदलावा लागेल," तो म्हणाला, जणू त्यालाच सापडलं होतं.

"सिलिंडर नको ना बदलायला?"

 पनिपिच्चैने सही न केलेला कागद व्हिन्सेंटच्या खिशात खुपसला. सेल्वदासन बाटलेली होडी धुवायला बादली घेऊन आला.

"आधी पंखा खोला," फिलोमिना म्हणाली. "मग धुवा हवी तितकी."