नानांसाठी बसवलेला वूफर

आयुष्यात मी एकच यंत्र स्वतःच्या अकलेने बसवून घेतलं, आणि त्याने सासऱ्यांना थेट दवाखान्यात पोचवलं. हसू नका. आधी ऐका तर खरं.

ऐंशीच्या दशकाची अखेर. आमचे सासरे, नाना, मुलुंडला राहायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी छोटी पांढरी गाडी घेतली, आणि घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ती चालवता येत नाही. म्हणून महिनाभर माझ्या ताब्यात दिली. नीट सांभाळली तर माझी, नाहीतर ठाण्याच्या मेव्हण्याची. कारकुनाच्या दारात गाडी! मी देवांच्या आधी तिला आंघोळ घालू लागलो.

अडचण एकच. नानांना ऐकू कमी यायचं, आणि कानाचं यंत्र ते झिजेल म्हणून कपाटात ठेवायचे. गाडीत कंपनीचाच स्टिरिओ होता. त्यावर मी त्यांच्या आवडीची नाट्यपदं लावली, तर म्हणाले, "पहिल्याच आठवड्यात टेप बिघडवलात?"

म्हणजे गाडीचा मालक व्हायच्या आत मी बिघाडाचा मालक झालो.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून अंधेरीला स्टिरिओवाल्याचं दुकान गाठलं. फिटरला सगळी कथा सांगितली. तो म्हणाला, "साहेब, बारीक आवाज कानाने ऐकायचा, जाड आवाज अंगाने. सीटखाली आवाज वाढवणारा बूस्टर टाकू, डिकीत जाड आवाजाचा वूफर. छातीत धडधडलं पाहिजे, तर मजा."

काय तत्त्वज्ञान! अर्धं वाचनालय वाचून मला हे सुचलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत बॅटरीपासून जाडजूड लाल वायर आत आली आणि डिकीत वूफरचा धान्याच्या कोठीएवढा काळा डबा बसला. टेप लावली, तर डग्ग्याच्या एका थापेने दुकानाची काच थरथरली. माझे पाय जमिनीवर नव्हते हो!

रविवारी नानांना मागच्या सीटवर बसवलं. डबा बरोबर पाठीमागे. सांगितलं काहीच नाही, त्यांना चकित करायचं होतं ना!

रस्त्याला लागलो नाही तोच नाना म्हणाले, "छातीत धडधडतंय हो."

मला गहिवरून आलं. अगदी फिटरचे शब्द! "धडधडायलाच पाहिजे, नाना," मी ओरडलो आणि बटण आणखी फिरवलं.

"वाढतंय."

"अजून वाढेल!"

आरशात पाहिलं. नाना डोळे मिटून ओठ हलवत होते. मला वाटलं, पद गुणगुणताहेत. ते रामरक्षा म्हणत होते. पुढच्या चौकात म्हणाले, "डॉक्टरकडे घ्या." तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला आनंद सोसला नाही. गाडी पिटाळली. टेप बंद करायचं भान कुणाला होतं?

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला. अगदी व्यवस्थित. "धडधड थांबली कधी?" त्यांनी नानांच्या कानात ओरडून विचारलं.

"गाडीतून उतरलो, तशी."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नानांनी माझा हात धरला. म्हणाले, "तुम्ही वेळेवर आणलंत. गाडी तुमची. उद्याच कागद करू."

तोंड आपोआप मिटलं. सांगू ना, कागद झाल्यावर सांगू. आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतंत?

गाडीत बसलो, किल्ली फिरवली आणि मघाशी अर्धवट राहिलेला डग्गा होता तिथून सुरू झाला. मी बटणावर झडप घातली आणि घाईत उलट्या बाजूला फिरवलं. गाडीच्या काचा थडथडू लागल्या.

नानांनी छातीवर हात ठेवला. मग तोच हात सीटच्या पाठीवर ठेवला. मग मागे वळून डिकीवरच्या फळीवर. वैद्याने नाडी पाहावी तसा बराच वेळ.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "माझं हृदय तुम्ही डिकीत कधी ठेवलंत?"

गाडी ठाण्याला गेली. मेव्हण्याने डबा तेवढा परत केला. डबा रिक्षात ऐसपैस बसला, आणि मी कडेला, निम्मा बाहेर. वाटेत रिक्षावाल्याने विचारलं, "काका, एवढ्या मोठ्या डब्यात वाजतं तरी काय?"

मी म्हटलं, "माझे बारा."