विमान वर असताना

रविवारी सकाळी परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही बारा-चौदा जण विमानं उडवतो. विकत आणलेली नव्हेत, स्वतः बनवलेली. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या काड्या, वर कांद्याच्या सालीहून पातळ प्लास्टिक आणि पोटाखाली पीळ दिलेलं रबर. पीळ सुटत जातो तसा प्रोपेलर फिरतो. अख्ख्या विमानाचं वजन दोन चिंचोक्यांएवढं, आणि माणूस चालतो त्याहून ते हळू उडतं. पूर्वी आम्ही वडाळ्याच्या मैदानात इंजिनाची विमानं उडवायचो. मग ड्रोन आले, परवानग्यांचं लचांड मागे लागलं आणि क्लब छपराखाली आला. सेक्रेटरी पहिल्यापासून मीच. ही डोकेफोड दुसऱ्या कुणाला नको होती, आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला हात लावू दिला नसता.

हॉलमध्ये नियम एकच, आणि तो मी केलेला. विमान वर असताना पंखे बंद, खिडक्या बंद, दार बंद, आणि कुणी जागचं हलायचं नाही. साध्या झुळकीनं ते भिंतीवर आपटतं आणि महिनोन् महिन्यांच्या कामाचा चुरा होतो. या नियमापायी मी किती जणांवर खेकसलोय त्याला गणती नाही. एकदा शाळेचे मुख्याध्यापकच कौतुकानं दार उघडून आत आले, त्यांनाही झापलं. नंतर हॉल हातचा जाऊ नये म्हणून बायको त्यांच्या घरी मालवणी खाजं घेऊन गेली.

बायको आमची टाइमकीपर. विमान हातातून सुटलं की स्टॉपवॉच चालू, जमिनीला टेकलं की बंद. तिला विमानांत काडीचा रस नव्हता, म्हणूनच तिच्या आकड्यावर सगळ्यांचा विश्वास. लालबागहून दर रविवारी माझ्याबरोबर यायची आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसायची. "एवढे मोठे बाप्ये आणि डासांमागे लागलेत," म्हणायची. घरी मी काड्या तासत बसलो की ऐकवायची, "यापेक्षा सवत परवडली असती. तिनं निदान भांडी तरी घासली असती." मी हसायचो आणि तासत राहायचो.

ती गेली त्याला आता दोन वर्षं झाली. त्या रविवारी उकाडा मरणाचा होता. माझ्या नव्या विमानाची पाळी शेवटची. पाच महिने मी त्याच्यामागे होतो. सोडलं, तर ते घिरट्या घेत घेत छतापाशी गेलं आणि तिथेच रेंगाळलं. पाच मिनिटं झाली की आमच्याकडे पेढे वाटतात, आणि हे तर चार मिनिटं झाली तरी खाली यायचं नाव घेईना.

"अहो, पंखा लावा ना जरा," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान वर, नजर विमानावर. नुसता हात मागे करून गप्प राहायची खूण केली.

थोड्या वेळानं पुन्हा, "दार तरी उघडा. जीव घाबरा होतोय."

"विमान वर आहे गं," मी म्हणालो. "दोन मिनिटं कळ काढ."

हे मी म्हणालो, दुसरं कुणी नाही. काय होतंय, एवढंही विचारलं नाही. बाकीच्यांनीही ऐकलं होतं, पण नियम माझा, बायको माझी आणि माझं तोंड हे असं, मध्ये कोण पडणार?

आणि दार तिच्या हाताशी होतं. खुर्चीवरून न उठता कडी काढता आली असती. तिनं काढली नाही. विमान पडेल म्हणून काढली नाही. माझे ते पाच महिने तिनं रोज बघितले होते ना.

विमान उतरलं. मी ओरडलो, "किती?"

"सात मिनिटं बारा," ती म्हणाली.

आकडा तिनं नीट सांगितला. टाळ्या झाल्या, पंखे लागले, लोकांनी मला मिठ्या मारल्या. दोघा-तिघांशी बोलून झाल्यावर मी तिच्याकडे गेलो. ब्लाउज घामानं पाठीला चिकटलेला, चेहरा पांढराफटक, डावा हात उजव्या हातात घट्ट धरलेला. म्हणाली, "घरी जाऊ या."

एका मेंबरच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. परळात हॉस्पिटलांना तोटा नाही, पाच मिनिटांत पोचलो. संध्याकाळी ती गेली. मी डॉक्टरला विचारलं, दहा मिनिटं आधी आणली असती तर? तरुण होता बिचारा. म्हणाला, काका, असं सांगता येत नाही. मला हो तरी हवं होतं, नाहीतर नाही तरी. ते "सांगता येत नाही" घेऊन मी जगतोय.

क्लबात मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. जन्मभर मी सगळ्यांना बोलत आलो, आणि मला बोलायची वेळ आली तेव्हा सगळे सभ्य झाले.

क्लब बंदच करणार होतो. केला नाही, कारण रविवारी सकाळी घरात बसवत नाही. नियम तेवढा बदलला. कुणाला जरा जरी बरं वाटेनासं झालं तर हात वर करायचा, लगेच पंखे लावायचे, विमान गेलं खड्ड्यात. पण हात कुणीच वर करत नाही. घामानं निथळतात आणि बसून राहतात. मी स्वतः विमान सोडणं थांबवलंय. पंख्यांच्या बटणांपाशी उभा असतो आणि सगळे वर बघत असतात तेव्हा एकेकाचा चेहरा बघतो.

गेल्या रविवारी दादरच्या एका मुलीचं विमान वर होतं. बँकेत नोकरी करते, वर्षभरापासून येते. तिचं पहिल्यांदाच काहीतरी नीट जमलं होतं, विमान छतापर्यंत पोचलं होतं. ती खाली उभी, तोंड उघडं, हात छातीवर, कपाळावरून घामाच्या धारा. मी सगळी बटणं दाबली.

विमान तिरपं झालं आणि भिंतीवर गेलं. पंखाचे दोन तुकडे झाले. तिनं ते उचलले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी.

"काका, मी हात वर केला होता का? मला काही होत नव्हतं. मी नुसती खूश होते."

मी सॉरी म्हणालो. दुसरं बनवू, मी मदत करतो, म्हणालो. ती मान हलवत राहिली.

"पण लावलेत कशाला?"

तिला काय सांगणार, की ते पंखे मी तिच्यासाठी लावलेच नव्हते.