आईचे उपास आणि माझा कोबी

गोखिवऱ्यातल्या आमच्या कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. लेथवर काम करणारा माणूस मी, हाताला सवय लोखंडाची. बायको मुंबईला ऑफिसात होती, तिचा पगार चालू होता म्हणून चूल बंद पडली नाही. पोळ्या करून ती पहाटेच घर सोडायची. "दुपारची भाजी यापुढे मी करणार," असं मी एका रविवारी जाहीर केलं. बायको म्हणाली, "करा." आई काहीच बोलली नाही. माझी आई गप्प बसली म्हणजे तिच्या मनात काहीतरी घाटत असतं, हे मला जन्मापासून ठाऊक आहे.

सुरुवात कोबीनेच केली, कारण आईला कोबीची भाजी फार आवडते. आणि तो पहिला कोबी मी असा काही बिघडवला की विचारू नका! चिरून मग धुतला, वर आणखी भांडंभर पाणी ओतलं, घट्ट झाकण घातलं आणि पेपर वाचत बसलो. जिन्यापर्यंत वास. आईने नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "आज सोमवार. माझा उपास." तो तिचा खरंच होता, वर्षानुवर्षांचा. मी मुकाट्याने ती भाजी एकट्याने संपवली.

मंगळवारी ताट मांडलं तर म्हणते, "आज गणपतीचा उपास."

"हा कधीपासून?"

"आजपासून."

बुधवारी देव मिळाला नाही, तर तिने रात्रीचा उरलेला भात खाल्ला. मग गुरुवारी दत्त आला, शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती; रविवारी बायको घरी, भाजी तिच्या हातची. दुपारी एक केळं आणि चहा, एवढ्यावर बाई दिवस काढायची. संध्याकाळी बायको येऊन भात-आमटी टाकायची, की आईचा उपास सुटायचा आणि ती व्यवस्थित पोटभर जेवायची. म्हणजे अन्नावर राग नव्हता. राग माझ्या हातच्या अन्नावर होता, असं मी धरून चाललो. वाईट वाटलं. संतापही आला. पुरुषाने विळीवर बसलेलं तिला कधीच खपत नसे. मी कोबी चिरायला बसलो की ती उठून गॅलरीत जायची.

तिथेच एकदा कपडे वाळत घालताना तिला चक्कर आली. कठडा हाताशी होता म्हणून बरं. डॉक्टरांनी तिला माझ्यासमोर फैलावर घेतलं. मधुमेहाच्या गोळ्या खायच्या आणि पोट रिकामं ठेवायचं, हे चालणार नाही, उपास आजपासून बंद. "हो हो," आई म्हणाली, अगदी शहाण्या मुलीसारखी. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. केळं आणि चहा!

बस्स, म्हटलं. ही बाई आता माझ्या हातची भाजी खाणार म्हणजे खाणार. तोवर मी कोबी सोडणार नाही.

मी कोबीच्या मागे हात धुऊन लागलो. वसई गावातल्या बाजारातून गड्डा स्वतः हातात तोलून आणायचा. लहान, पण हाताला जड लागला पाहिजे. मोठा आणि हलका तो आतून पोकळ. बाहेरची पानं काढून टाकायची, आतला दांडा कापून काढायचा, तो शिजत नाही आणि आईच्या उरल्यासुरल्या दातांना तर मुळीच नाही. धुवायचं ते चिरण्याआधी. चिरायचा असा बारीक की उचलला तर धागे लोंबावेत. हरभऱ्याची डाळ सकाळीच भिजत घालायची. एकदा विसरलो तर भाजीत खडे चावल्यासारखं झालं. मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, मग डाळ, ती जरा परतली की कोबी. पाणी? एक थेंब नाही. कोबीचं अंगचं पाणी त्याला पुरतं. झाकायचं अगदी थोडा वेळ, नंतर उघड्यावर मोठ्या आचेवर परतायचं, म्हणजे तो उग्र वास धरत नाही. आणि मीठ ढिगाकडे बघून घालायचं नाही! कढईभर कोबी बघता बघता मूठभर होतो आणि भाजी खारट ढोण होते. आधी खाली बसू द्यायचा, मग मीठ. लोक चिमूटभर साखर घालतात, ती मी वगळली. शेवटी ओलं खोबरं आणि कोथिंबीर.

बुधवार मुद्दाम निवडला. त्या दिवशी तिच्याकडे देव नव्हता. भाजी झाली ती मी चाखून बघितली आणि स्वतःशीच म्हटलं, वा रे पठ्ठ्या. ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं.

"आज भूक नाही मला."

माझा तोल सुटला. "भूक नाही? सरळ सांग ना, तुझ्या हातचं माझ्या घशाखाली उतरत नाही म्हणून! देवांना कशाला मध्ये घेतेस? त्या दिवशी कठड्यावरून खाली गेली असतीस तर मी काय केलं असतं, सांग!"

"ओरडू नकोस." तिचा आवाज इतका बारीक झाला की मी खाली बसलो. ती ताटाकडे बघत होती. "मी तुझ्या हातचं जेवले की ठरलंच मग."

"काय ठरलं?"

"तू घरी बसलास ते. आज ना उद्या कुलूप निघेल, तू डबा घेऊन जाशील, म्हणून एकेक वार पुढे ढकलत होते रे. एकदा जेवायला बसले की मग काय राहिलं?"

मला वाटत होतं हिला माझी लाज वाटते. आणि ही माझ्या कारखान्यासाठी उपाशी राहत होती.

"कुलूप नाही निघणार, आई," मी म्हणालो. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. "मशीनंसुद्धा उचलून नेली. मी बघून आलोय. मी दुसरं काम शोधीन आणि मिळवीन. पण ते आता संपलं."

तिने पदराने डोळे पुसले. मग तिने ताट जवळ ओढलं, पोळीचा तुकडा मोडला, भाजी घेतली आणि सावकाश चावत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. तिने आणखी भाजी मागितली, मी वाढली. ती संपवून तिने हात धुतले आणि म्हणाली,

"उद्यापासून काम शोधायला बाहेर पड. भाजी तेवढी करून ठेव, मी गरम करून घेईन."