लॉनचा राब

महाराष्ट्र राज्य व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. चौथीत शाळा सुटलेला मी वऱ्हाडातून पनवेलला आलो आणि एका निवृत्त साहेबांच्या बंगल्यावर माळी म्हणून लागलो. मागची खोली, दोन वेळचं जेवण, आणि साहेबांचा आवाज कधी चढलेला नाही. एवढं चांगलं आपल्या वाट्याला चुकून आलंय, ते कुणाच्या तरी लक्षात येईल आणि आपल्याला हाकलतील, ही धास्ती मला रोज असायची.

त्या उन्हाळ्यात साहेबांनी विलायती पुस्तकात वाचलं की, लॉन न खणताही भाजीचे वाफे होतात. गवतावर वर्तमानपत्रं पसरायची, वर शेण, पाचोळा, पेंढा, थरावर थर. मग पाणी मारून द्यायचं सोडून. खालचं गवत गुदमरून कुजतं, वर वांगी लावा. "इंचभरही उघडं राहता कामा नये," एवढं सांगून साहेब दोन दिवसांसाठी मुंबईला गेले.

मदतीला गव्हाणची एक म्हातारी शेतकरीण होती. तिला मी मावशी म्हणायचो. मी इंग्रजी पेपर अंथरत होतो, चित्रं बघून एकेक पान सुलटं. साहेबांनी उचकून पाहिलं तर उलटं सापडायला नको! मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"गवताला शालंत घातलास काय रं?"

"साहेबांनी सांगितलंय, मावशी."

"मंग बरा हाय. तुज्यापरीस जास्ती शिकंल."

पण सुकं शेण, पाला, पेंढा चढू लागला तशी ती खुलली. "आता समाजला मना," म्हणत माझ्याहून भराभर पसरू लागली. पाणी मारायचं तेवढं राहिलं आणि साहेबांना आणायला मी एस. टी. स्टँडवर गेलो.

टांगा वळला तेव्हा फाटकातून धूर येत होता. अख्खं लॉन या कडेपासून त्या कडेपर्यंत काळं! मावशी ओल्या डहाळीनं कडेची आग झोडपत होती.

"भाजला!" ती म्हणाली. "तुमी नुसता रचून गेलेला. वारा पडलेला, म्हनून आवरून टाकला."

त्या भागात भाताची रोपं करायच्या जागेवर असेच थर रचून ते जाळतात. त्याला राब म्हणतात. आमच्या वऱ्हाडात हा प्रकार नाही, मला कुठून ठाऊक असणार?

"कोणी पेटवलं?" साहेबांनी टांग्यातूनच विचारलं.

माझी खोली गेली, हे मला दिसत होतं. पण मावशीच्या डब्यातली भाकर मी किती वेळा खाल्ली होती.

"मी," म्हणालो.

मावशी भडकली. "ह्यो? ह्याला राब कवा ठावा? मी भाजलाय सगला! न भाजता भात लावनार व्हते काय?"

"भात नाही, वांगी," साहेब म्हणाले.

"वांग्यांना येवरा राब?" ती अशी हसली की टांग्याचा घोडा बिचकला.

साहेबांनी काठीनं राख उकरली. एक जळकं पान निघालं, ते त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. मग ते आत निघून गेले. दोन दिवस मी माझं बोचकं बांधून तयार ठेवलं.

तिसऱ्या दिवशी त्यांचे एक स्नेही आले. ओटीवरून साहेबांचा आवाज ऐकू आला, "खणायचं नाही. रचायचं आणि जाळायचं. जाळायचं ते पुस्तकात नाही, ते मी घातलं."

स्नेही गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. "मागचं गवतही काढायचंय, पुढच्या वर्षी. कधी भाजायचं, तिला विचारून ठेव."

पुढच्या वर्षी! साहेबांचं मन बदलायच्या आत मी तसाच धावत मावशीकडे गेलो.

"आरं," ती म्हणाली, "आदी ही वांगी तरी उगवू दे!"