शहानूरबीची परदेशातली बटाई

शहानूरबी गेली तवा मी हळदीचं बेणं निवडून राहिले होते. तिच्या सुनेचा फोन आला, "खाला, अम्मी गेल्या." पुढ्यातलं बेणं निवडून संपवलं, हात धुतले अन् गेले. मागच्या आठवड्यात तिचं चाळीसावं झालं. नात म्हणली, आजी तू बोल, मी लिहून घेते. म्हणून बोलून राहिले...

आमी दोघी कुरुंद्याच्या. ती टोपलीत बांगड्या-टिकल्या घेऊन गावोगाव हिंडायची, मी लोकांच्या वावरात हळद काढायची. माहे मालक गेले तवा पोरगी कडेवर होती. तिचा नवरा होता, पण असून नसल्यासारखा. दिवस निघाले. ते सांगत बसले तर कागद पुरायचा न्हाई. म्हातारपणी हातात थोडं उरलं, तर बँकेतला साहेब म्हणला, म्युच्युअल फंडात टाका. एक फंड असा हाय, जे देश आता वर येऊन राहिले त्यांच्या कंपन्यांत पैसा लावतो. ब्राझील, तैवान, व्हिएतनाम. मला वाटलं उठून जावं. शहानूरबी खुर्ची पुढं ओढून बसली.

"म्हणजे जमीन त्यांची, मेहनत त्यांची, बी-खत आपलं?"

"तसंच समजा मावशी. पण तिकडं भाव पडला तर तुमचंबी कमी होतं."

"मग सरळ बटाई म्हण ना बाबा. बटाईत तोटा वाटूनच येतो."

तिनं सही केली, मी अंगठा लावला. आमचा हप्ता सुरू झाला.

आता बटाई म्हणल्यावर समोरच्याची इचारपूस ठेवा लागते, असं तिचं म्हणणं. भंगारवाल्याकडून शाळेतला फाटका नकाशा आणला, भिंतीला लावला अन् आपल्या टोपलीतल्या लाल टिकल्या त्या-त्या देशावर चिकटवल्या. सांजच्याला लेकाच्या मोबाईलवर बातम्या लावायची. ब्राझीलात पाणी पडलं का, व्हिएतनामात पूर ओसरला का... इकडं आपल्या नळाला चार दिवस पाणी न्हाई, त्याची तिला फिकीर न्हाई. एकदा वसमतला मोबाईलच्या दुकानात भांडली, "यातलं काही ना काही तैवानात बनतं ना? तिथं आमची बटाई हाय. भाव बराबर लाव!" दुकानदारानं वैतागून एक कव्हर फुकट दिलं. ते कव्हर तिनं गावभर दाखवलं. म्हणली, पहिला माल घरी आला.

मग एक साल बाजार पडला. त्याच महिन्यात वावधन सुटलं अन् माह्या घरावरचे पत्रे उडून गेले. मी तिला म्हणलं, आपले पैसे काढू.

"अगं गया, त्यांच्याकडं साल वाईट चाललंय, अन् आपण आताच वाटा मागायचा? बटाईत असं करतेत का? थांब जरा."

मी "व्हय" म्हणलं, अन् दुसऱ्या दिवशी एकटीच बँकेत जाऊन सगळे काढून आणले. साहेब म्हणला, मावशी, तोट्यात काढून राहिल्या. म्हणलं, आभाळ भरून राहिलं, त्याला सांग थांबायला.

नवे पत्रे टाकले. शहानूरबी आली, मान वर करून पाहिलं.

"चांगले हायेत. कुठून आणले?"

"भावानं दिले."

"भला माणूस," म्हणली, चहा पिली अन् गेली.

तवापासून माह्या जिवाला घोर. मालकाच्या मागं दोन दोन दिवस उपाशी काढले, तवा कुणाला भेले न्हाई. पण हिच्यापुढं तोंड उघडंना. बाजार पुन्हा वर आला तवा ती जिलेबी घेऊन आली. "आपलं दोघीचं साल निघालं गया!" खायचं मन नव्हतं, तरी तीन खाल्ल्या. न्हाई म्हणलं असतं तर तिला शक आला असता.

शेवटची भेट नांदेडच्या दवाखान्यात. हाताला सलाईन, आवाज बसलेला.

"गया, पत्रे गळत न्हाईत ना?"

"न्हाई."

"तुहा भाऊ लई भला. मरून सहा वर्षं झाल्यावर बहिणीला पत्रे देतो कोण?"

भावाच्या मयताला ती स्वतः आलती, दिवसभर मलाच धरून बसलती. खोटं बोलताना नेमकं तेच माह्या डोक्यातून गेलतं.

"मग तवाच बोलली काहून न्हाईस?"

"तुह्या डोक्यावर छप्पर न्हाई अन् मी तुला थांब म्हणत होते. माहीच मला लाज वाटली. मग काय, तुह्या वाट्याची इचारपूसबी मीच करत राहिले."

दोघी इतक्या हसलो, की नर्सबाई ओरडत आली. शहानूरबीनं माह्याकडं बोट केलं, "हिच्या मेलेल्या भावाला इचारा." नर्सबाईनं मलाच बाहेर काढलं.

चाळीसाव्याला सुनेनं नकाशा गुंडाळून माह्या हातात दिला. "अम्मी म्हणल्या, खालाला द्या. सांगा, आता पाळी तिची." नव्या पत्र्याखाली लावलाय. काल व्हिएतनामची टिकली गळून पडली. थुंकी लावून पुन्हा चिकटवली. नात म्हणली, "आजी, ही समुद्रात लावलीस."

म्हणलं, असू दे. तिथंबी कुणी मासे धरत असंल. बघ बरं मोबाईलवर, वारं कसं हाय तिकडं.